चौकात अजून कोणी उभं आहे

तो चौक मला पहिल्या दिवशी आवडला नाही आणि शेवटच्या दिवशीही नाही. लोक विमानं बदलून तो बघायला यायचे, माना वर करकरून अवघडायचे, आणि मी रोज त्याच्यात शिरताना मनात म्हणायचे, झालं, आला हा पुन्हा. मधोमध घोड्यावर बसलेला कुणी सरदार होता. त्याचं नाव समोर कॉफी विकणाऱ्यालाही धड सांगता यायचं नाही. चारी बाजूंना उंच, अरुंद, एकमेकींना खेटलेल्या इमारती, एका अंगाला घड्याळाचा मनोरा, आणि खाली काळपट दगडांची जमीन. कित्येक पिढ्यांच्या पायांनी ती घासून इतकी गुळगुळीत झाली होती, की ओली असली की जीव मुठीत धरून चालावं लागे. आणि ओली ती नेहमीच असे. त्या गावात ऊन म्हणजे पाहुणा होता, तोही घाईतला.

मी शहररचना शिकायला गेले होते आणि वर्षभराच्या अभ्यासाला मला हाच चौक नेमून दिला होता. काम सोपं आणि कंटाळवाणं. माणसं कुठून शिरतात, कुठून कापत जातात, कुठे थांबतात, हे चौकाच्या छापील नकाशावर पेन्सिलीने टिपायचं. आमच्या प्राध्यापिकेचं म्हणणं, चौक ही थांबण्याची जागा असते. माझे नकाशे भलतंच सांगत होते. प्रवासी फोटो काढून पुढच्या चौकाकडे पळायचे. ऑफिसची माणसं मान खाली घालून तिरकी निघून जायची. बाकावरचे म्हातारेसुद्धा कुणाची तरी वाट बघत असायचे, आणि ते माणूस आलं की उठून जायचे. काही काम नसताना एका जागी उभं राहणारं तिथे एकच माणूस होतं, ते मी. प्राध्यापिकेने एकदा त्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?"

"आहे एक वेडी," मी म्हटलं.

वेडी उभी राहायची ती बाबांसाठी.

बाबा बस स्टँडवर कंट्रोलर होते. वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून खालच्या आवारावर नजर ठेवायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. आवाज असा खणखणीत, की झोपलेली माणसं पिशव्या उचलून पळत सुटायची. घरीसुद्धा ते "जेवायला या" म्हणाले की आई म्हणायची, "फलाट नंबर सांगा." मी परदेशी गेले आणि दोन-तीन महिन्यांतच त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बाकी काही गेलं असतं तर त्यांनी एकवेळ निभावलं असतं, वाचा जायला नको होती.

मी यायला निघाले होते. दादाने फोनवरच अडवलं. "येऊन काय करणार आहेस? उशाशी बसून रडणार. ते काम करायला आम्ही तिघं आहोत इथे." मग व्हिडिओ कॉल सुरू केले, तर ते आणखी वाईट. माझा चेहरा दिसला की बाबा बोलायला जायचे. ओठ वाकडे व्हायचे, घशातून नुसता घर्र आवाज निघायचा, डोळे भरायचे, आणि मग डाव्या हाताने ते फोन ढकलून द्यायचे. काही वेळा असं झाल्यावर आई म्हणाली, "नको गं आता. छळ होतोय त्यांचा." मला ते ऐकताना मेल्यासारखं झालं. माझा चेहरा हा माझ्या बापाचा छळ.

चौकाची शक्कल दादाची. मनोऱ्याच्या टोकाशी नगरपालिकेचा एक कॅमेरा होता आणि तो दिवसरात्र चौकाचं चित्र इंटरनेटवर दाखवायचा. दादाने ते शोधून बाबांच्या पलंगासमोरच्या टीव्हीवर लावलं. माझी जेवणाची सुट्टी म्हणजे घरची संध्याकाळ. त्या वेळी मी घोड्याजवळ जाऊन उभी राहायचे, फोन कानाला लावायचे आणि वर बघून हात हलवायचे.

"हां, दिसलीस. जरा डावीकडे सरक, घोड्याच्या शेपटीमागे गेलीस."

"कुठल्या डावीकडे? माझ्या की तुझ्या?"

"अगं ठमे, शहरं रचायला निघालीस आणि डावं-उजवं कळेना!"

वरून बघणाऱ्याला सगळ्या छत्र्या काळ्या दिसायच्या, म्हणून मी एक पिवळीधमक छत्री घेतली. आणि ही शक्कल लागू पडली. चौकातलं कोणी बाबांना बोलायला लावत नव्हतं. उंचावरून आवार दिसतंय, माणसं येतायत, जातायत, हे त्यांच्या ओळखीचं होतं. दादा सांगायचा, दिवसभर बघत असतात, कॉफीवाल्याने गाडी उशिरा लावली तर कपाळाला आठी घालतात. मी दिसले की मात्र आठी जाते. त्या चार-पाच मिनिटांसाठी मी ते थंड, ओलं, परकं गाव सहन करत होते. आजूबाजूची माणसं बघायची, ही बाई रिकाम्या मनोऱ्याला काय टाटा करते म्हणून. बघू देत, बघणाऱ्यांच्या घरी कोणी आजारी नव्हतं.

मग मनोऱ्याच्या दुरुस्तीचं काम निघालं. लोखंडी नळ्यांची परांची चढली, तिच्यावर हिरवं कापड आलं.

"दादा, कॅमेरा झाकला नाही ना गेला?"

"छे! दिसतेस की. छत्री धरून उभी आहेस."

"बाबा?"

"बघतायत."

रोज एवढंच. दादा आताशा थोडक्यात बोलायचा, चेष्टा करायचा नाही. मला वाटलं, दुकान आणि आजारपण करून दमला असेल बिचारा. माझंही सादरीकरण महिन्यावर आलं होतं, डोकं नकाशांत बुडालेलं. हात हलवायचा, फोन ठेवायचा, पळायचं.

एके दिवशी कधी नव्हे ते ऊन पडलं. मी घोड्याजवळ पोचले, फोन लावला.

"हो, दिसलीस," दादा म्हणाला. "छत्री धरून उभी आहेस."

"छत्री कुठली? आज खोलीवरच राहिली माझी."

पलीकडे दादा खाकरला. मग, "अगं, आई हाक मारतेय. ठेवतो." आणि खरंच ठेवला.

मी तिथेच माझ्या फोनवर त्या कॅमेऱ्याचं पान उघडलं. इतके महिने कधी उघडलं नव्हतं. मी चौकातच असायचे, मला काय गरज? त्यात पाऊस पडत होता. दगड चकाकत होते. घोड्याजवळ पिवळी छत्री घेतलेली एक मुलगी मान वर करून, हात उंचावून उभी होती. शेजारी एक कबूतर हवेत पंख पसरून होतं. मी बराच वेळ बघितलं, ते कबूतर हललं नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती, परांची चढली त्याच दिवसांतली.

आमच्या घरात वाईट बातमी परीक्षेनंतर सांगायची रीत आहे. आत्या गेली तेव्हा माझे बारावीचे पेपर चालू होते. शेवटचा पेपर देऊन येईपर्यंत घरातले सगळे मला "आत्या बरी आहे, झोपलीय" असं सांगत होते, आणि मी तिच्यासाठी येताना संत्री घेऊन आले होते. आता उन्हात उभ्या उभ्या मला स्पष्ट कळलं, की बाबा गेले. कधीच गेले. मी कित्येक दिवस एका रिकाम्या पलंगाला हात हलवत होते आणि दादा सादरीकरणाची वाट बघत होता.

मी दादाला फोन लावला, त्याने उचलला नाही. आईने उचलला नाही. शेवटी वहिनीने उचलला.

"वहिनी, बाबा कधी गेले?"

"अगं ए, जीभ आवर! इथे समोर आहेत. थांब." काहीतरी सरकल्याचा आवाज झाला आणि मग मला तो श्वास ऐकू आला, घशात घर्र वाजणारा, बाबांचाच. मी घोड्याच्या चौथऱ्यावर बसले आणि ढसाढसा रडले. भर दुपारी, भर चौकात. कोणी थांबलं नाही. माझे नकाशे बरोबर होते.

"रडून घे, मग सांगते," वहिनी म्हणाली. ती आमच्या घरात एकटीच अशी आहे, जिला आडपडदा जमत नाही. दादाने दम भरला म्हणून इतके दिवस गप्प बसली होती. "चित्र अडकलंय ते. पहिल्या दिवशी आम्हालाही पत्ता लागला नाही. आईच म्हणाल्या, हे कबूतर मघापासून खाली कसं येत नाही?"

मला रडता रडता हसू आलं. मग तिने पुढचं सांगितलं.

"आम्हाला कळलं गं, पण बाबांना कसं समजावणार? त्यांना वाटतंय, तू तिथेच उभी आहेस. दिवसरात्र. पावसात. जेवायला बसवलं की टीव्हीकडे बोट करतात. घास तोंडाशी नेला की पुन्हा तेच बोट, म्हणजे आधी तिला द्या. दादाकडे बघतात आणि दाराकडे हात करतात. जा, तिला घेऊन ये. निम्मे झालेत ते, तुला ओळखू यायचे नाहीत."

"मग टीव्ही बंद का नाही केला?"

"केला ना! रात्रभर पलंगाच्या कठड्यावर हात आपटत राहिले. त्यांना वाटलं, तुला तिथे एकटीला टाकून आपण दिवे घालवून निजलो. तुझा खोलीतला फोटो दाखवला, आत बसलीयस, स्वेटर घालून. फोटोकडे बघितलं आणि टीव्हीकडे बोट केलं. त्यांच्या लेखी टीव्हीतलीच तू खरी."

मला हे दादाने सांगायला हवं होतं, असं मी तावातावाने म्हटलं. वहिनी म्हणाली, "सांगून तू काय करणार होतीस?"

त्या रात्री मला बाबांचं स्टँड आठवत राहिलं. शेवटची गाडी सुटली की बाकीच्यांची ड्युटी संपायची, बाबांची नाही. ते काचेतून आवारावर एकदा नजर फिरवायचे, आणि कोणी उभं दिसलं की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा. आधी माइकवरून हाक मारायची, मग स्वतः खाली उतरायचं, कुठे जायचंय विचारायचं, ट्रकवाल्याला थांबवून बसवून द्यायचं. एकदा तर एक आख्खं कुटुंब घरी घेऊन आले होते, आईने डोळे वटारले तरी. "माणूस उभं असताना दिवा कसा घालवायचा?" एवढंच म्हणाले होते. आता त्यांच्या आवारात एक पॅसेंजर उभी होती, जिला हाक मारायला त्यांना आवाज नाही, जिच्यासाठी खाली उतरायला पाय नाहीत. आणि ती हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून मी नगरपालिकेच्या पर्यटन कचेरीत गेले. चौकातच होती, कमानीखाली. खिडकीतल्या बाईंना सर्दी झाली होती, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. कॅमेरा उतरवून ठेवलाय, म्हणाल्या, मनोऱ्याचं काम संपलं की उन्हाळ्यात परत लागेल.

"पानावरचं ते चित्र चुकीचं आहे," मी म्हटलं. "थांबलेलं आहे."

"हो का? आत्ता काढून टाकते. एका मिनिटाचं काम." त्यांनी कीबोर्डकडे हात नेला.

"नको!" मी एवढ्याने ओरडले, की मागच्या रांगेतली माणसं दचकली. चित्र काढलं म्हणजे बाबांच्या समोर पुन्हा काळी काच. पुन्हा कठड्यावर हात. त्यांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. परक्या भाषेत असलं काही सांगायचे शब्द मी शिकलेच नव्हते. मला शिकवलेले शब्द सगळे रहदारीचे आणि फरसबंदीचे. शेवटी मी म्हटलं, "मला त्या चित्रातून चालत बाहेर जायचंय. माझ्या वडिलांना तेवढं दिसायला हवं."

बाईंनी नाक पुसलं. चष्मा उतरवला. मला वाटलं, आता पहारेकऱ्याला बोलावणार. त्यांनी फोन उचलला आणि मनोऱ्यावरच्या वायरमनशी बराच वेळ बोलल्या. तो कुरकुरत होता, ते मला काचेपलीकडूनही ऐकू येत होतं. शेवटी ठरलं. उद्या जेवणाच्या सुट्टीत तो कॅमेरा पेटीतून काढून परांचीच्या नळीला बांधेल, वायर जोडेल, आणि त्याचं सँडविच संपेपर्यंत चालू ठेवेल. त्याहून जास्त मागू नये.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि त्या गावावर मी पहिल्यांदाच खूश झाले. चित्रातल्यासारखंच सगळं हवं होतं. तोच कोट घातला, तीच छत्री उघडली, घोड्याजवळ त्याच जागी जाऊन उभी राहिले आणि वहिनीला फोन लावला. वर हिरव्या कापडाच्या फटीतून एक हात बाहेर आला आणि अंगठा दाखवून गेला. मीही हात उंचावला.

"थांब... काळं झालं," वहिनी म्हणाली. मागून कठड्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. आणि मग आईचं ओरडणं, "आलं! आलं! उडालं बाई कबूतर!"

"बाबा?"

"बघतायत. डोळे मोठे करून बघतायत. हलव, हात हलव."

मी हात हलवला. खांदा दुखेपर्यंत हलवला. छत्रीतून पाणी बाहीत शिरत होतं. मला त्या वेळी दुसरं काहीच नको होतं. पदवी नको, गाव नको, नुसतं वर बघत राहावं असं वाटत होतं.

"आता चाल," वहिनी म्हणाली. "सावकाश. त्यांना नीट दिसू दे. आणि हे बघ, वळून बघू नकोस हं. वळलीस तर पुन्हा जीव अडकेल त्यांचा."

मी निघाले. घोड्याच्या समोरून, कॉफीच्या गाडीवरून, कमानीपलीकडच्या गल्लीकडे. इतक्या महिन्यांत तो चौक मी बाकीच्या माणसांसारखा सरळ कापून कधी गेले नव्हते. तो एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. दगड निसरडे होते, पण घसरून चालणार नव्हतं. मी पडलेली त्यांना दिसले असते तर सगळंच मुसळ केरात. मानेवर कुणीतरी बघतंय असं वाटत होतं, आणि ते खरंच होतं. कानाला फोन होता, त्यातून कोणी बोलत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा वळावंसं वाटलं, इतकं वाटलं की दात आवळले. मग गल्लीत शिरले.

"दिसेनाशी झालीस," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कसातरीच झाला होता.

त्या रात्री दादाचा फोन आला. बाबांनी स्वतः बोटाने टीव्ही बंद करायला सांगितला होता. वाटीभर भात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून गाढ झोपले. "घोरतायत ठमे, ऐक!" तो म्हणाला आणि खरंच मला त्यांचं घोरणं ऐकवलं. मग म्हणाला, मी लपवायला नको होतं. मी म्हटलं, नको होतं. दोघंही थोडं रडलो. मग त्याने मला सादरीकरणावरून दम दिला आणि सगळं पूर्वीसारखं झालं असं वाटलं.

बाबा त्याच आठवड्यात झोपेत गेले. या वेळी दादाने परीक्षा-बिरीक्षा काही बघितलं नाही, त्याच क्षणी फोन केला. तरी मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पलंग बाहेर काढला होता. भेटायला येणारे म्हणत होते, सुखाने गेले हो, लेक परदेशी असून शेवटी तिला डोळे भरून बघून गेले. मी मान हलवत होते. त्यांनी शेवटची पाहिली ती माझी पाठ, हे कुणाला सांगणार? पण ती पाठ मीच मागून घेतली होती आणि त्याचं मला समाधानही होतं.

माणसांची वर्दळ ओसरल्यावर एका दुपारी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. आई आत पडली होती. वहिनी पाकळ्यांकडे बघतच म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. म्हटलं सांगावं की नाही."

"सांग."

"तू गल्लीकडे निघालीस ना, तेव्हा बाबांनी हात उचलला. डावा. आणि तुला टाटा केला. आजारी पडल्यापासून कधी केला नव्हता. तू दिसेनाशी होईपर्यंत हलवत होते." तिने पुढची पाकळी उचलली. "माझ्या कानाला फोन होता. तुझा श्वास ऐकू येत होता मला. मी बोलले नाही. बोलले असते तर तू वळली असतीस."

वळले असते तरी मला काय दिसणार होतं? हिरवं कापड, लोखंडी नळ्या आणि त्यांना बांधलेला कॅमेरा. पण वळले असते तर त्यांना माझा चेहरा दिसला असता, आणि त्या वेळी त्यांना तो ढकलून द्यावासा वाटला नसता.

"बरोबर केलंस," मी वहिनीला म्हटलं. ते खरंही होतं. तरी मी परत जायला निघेपर्यंत तिच्याशी नीट बोलू शकले नाही.